मंगळवारचं तळघर

अमेरिकेत, कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवनमध्ये, आमच्या फार्मसीत, ब्लडप्रेशरच्या मशीनशेजारी, पत्रकं ठेवायचा एक प्लॅस्टिकचा स्टँड आहे. त्यात मध्यंतरी दोन गठ्ठे शेजारी शेजारी होते. एक गुळगुळीत कागदाचा, रंगीत. डोंगर, उगवता सूर्य, दोन्ही हात पसरून उभी असलेली सडपातळ गोरी बाई, आणि खाली इंग्रजीत नि स्पॅनिशमध्ये लिहिलेलं की व्यसनावर उपचार मिळतात, फोन करा. दुसरा गठ्ठा कुणीतरी ऑफिसातल्या मशीनवर काढलेल्या झेरॉक्सचा. ओळी एका बाजूला कललेल्या, टोनर संपत आलेला. त्यावर एवढंच की मंगळवारी संध्याकाळी सहाला चर्चच्या तळघरात जेवण आहे, मुलांना आणलं तरी चालेल. व्यसनाचा उल्लेख मागच्या बाजूला, बारीक अक्षरात. झेरॉक्सचा गठ्ठा दुपारपर्यंत संपला. डोंगरवाल्या पत्रकांवर धूळ बसत राहिली आणि शेवटी आमच्या टेक्निशियननं ती पलटून कोऱ्या बाजूवर गिऱ्हाइकांचे निरोप लिहायला घेतली.

फुकटचं जेवण म्हटल्यावर लोक उचलणारच, असं मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं आणि त्यानंही मान डोलावली. विषय तिथंच मिटायचा. पण ती पत्रकं नेणाऱ्यांतले बरेच चेहरे ओळखीचे होते आणि त्यांतलं कुणी उपाशी नव्हतं. मुलाची औषधं न्यायला येणारी एक प्वेर्तोरिकन बाई आहे, पिशवीवरचं लेबल आतल्या बाजूला वळवल्याशिवाय ती दुकानाबाहेर पाऊल टाकत नाही. तिनं तीन घेतली, घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. हॅट घालणारे एक कृष्णवर्णीय आजोबा आहेत, त्यांच्या चर्चमध्ये ते डीकन, म्हणजे विश्वस्त आणि सेवेकरी यांच्या मधलं काहीतरी. त्यांनी तर मूठभर उचलली, केस कापायच्या दुकानात ठेवतो म्हणाले. याच लोकांनी डोंगराकडे आणि सूर्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ते मला खुपत राहिलं.

न्यू हेवन म्हटलं की आपल्याकडे येल विद्यापीठ आठवतं. दगडी मनोरे, हिरवळ, पुण्यामुंबईहून आलेली हुशार मुलं. आमचं दुकान फेअर हेवनच्या बाजूला, त्या हुशारीपासून थोडं लांब. इथं पाट्या स्पॅनिशमध्ये असतात, बेकरीत सकाळी सातला गरम पाव मिळतो, आणि लोक नाव सांगायच्या आधी आईचं नाव सांगतात, कारण आम्ही आईला ओळखतो हे त्यांना ठाऊक असतं. आमच्याकडे सगळ्यात जास्त काय जातं, तर मधुमेहाचं मेटफॉर्मिन. आणि त्याच्या शेजारच्या कप्प्यातून, तितक्याच नेमानं, व्यसनावरच्या सबॉक्सोनची पाकिटं. नारिंगी रंगाची पातळ पट्टी, टपालाच्या तिकिटाएवढी, जिभेखाली विरघळू द्यायची. लिंबाचा स्वाद घालून कडूपणा झाकायचा प्रयत्न केलेला असतो, तो फारसा जमलेला नाही. हेरॉइन किंवा त्याहून कितीतरी जालीम असं फेंटानिल मेंदूत जिथं जाऊन बसतं तिथंच हे औषध जाऊन बसतं आणि उठत नाही, म्हणून टर्की लागत नाही. आपल्याकडे गर्दच्या काळात पोरं ज्याला टर्की म्हणायची तेच हे, अंगाची काहिली, हाडं मोडल्यासारखी कळ, नाकाडोळ्यांतून पाणी. हे औषध किंवा त्याच कामाचं मेथाडोन, यांतलं एक घेत राहणाऱ्या माणसाचा मरण्याचा धोका साधारण निम्म्यावर येतो. माझ्या कपाटात असं जोर असलेलं औषध फार नाही.

पण ते कुणाच्या हातात पडतं, हा वेगळाच हिशेब आहे. साध्या दवाखान्यात बसून डॉक्टरनं लिहून द्यावं अशी परवानगी या औषधाला 2002 साली मिळाली. 2012 ते 2015 या काळात अमेरिकेत ज्या भेटींमध्ये ते लिहून दिलं गेलं त्या मोजल्या तेव्हा गोऱ्या रुग्णांच्या भेटी सव्वा कोटीच्या वर निघाल्या आणि बाकी सगळ्या वर्णांच्या मिळून पावणेचार लाखही भरल्या नाहीत. बहुतेकांनी खिशातून किंवा खाजगी विम्यातून पैसे भरले होते. ज्यांच्याकडे दोन्ही नाही त्यांच्यासाठी मेथाडोन. व्यसनासाठी ते आमच्याकडे मिळत नाही, कुठल्याच साध्या फार्मसीत नाही, त्याला वेगळं केंद्र लागतं. 1972 च्या नियमांपासून रीत अशी की पहाटे रांगेत उभं राहायचं, खिडकीतून आलेला प्याला कुणाच्या तरी देखत प्यायचा, आणि उद्या परत यायचं. कोरोनानंतर घरी न्यायच्या बाटल्यांची सवलत वाढली खरी. तरी ज्याची शिफ्ट सहाला सुरू होते त्यानं नोकरी धरायची की रांग, हा प्रश्न कुठल्या रंगीत पत्रकावर मी पाहिलेला नाही.

डीकन आजोबा औषधांसाठी थांबतात तेव्हा काउंटरला टेकून बोलतात. ते स्वतः क्रॅकच्या, म्हणजे कोकेनच्या ओढायच्या खड्यांच्या काळात तुरुंगात होते. 1986 चा कायदा असा होता की 5 ग्रॅम क्रॅक सापडलं की किमान 5 वर्षं आत, आणि तेवढ्याच शिक्षेला कोकेनची पूड लागायची 500 ग्रॅम. वस्तू एकच. पूड गोऱ्या पार्ट्यांमध्ये ओढली जायची आणि क्रॅकच्या नावाखाली पोलीस कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये शिरायचे. 2010 साली हे प्रमाण 100 ला 1 वरून 18 ला 1 वर आणलं आणि त्याला न्याय्य शिक्षेचा कायदा असं नाव दिलं. आजोबा हे आकडे सांगताना चिडत नाहीत. पाढे म्हटल्यासारखे म्हणतात. पण त्यानंतर एक गोष्ट ते नेहमी सांगतात, की गावाकडच्या गोऱ्यांची पोरं मरायला लागली तेव्हा टीव्हीवर पहिल्यांदा ‘आजार’ हा शब्द ऐकला. ऑक्सिकाँटिन ही अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी बनवणारी पर्ड्यू फार्मा याच कनेक्टिकटातली, स्टॅमफर्डची, आमच्याकडून तासाभराची वाट. 1996 साली तिनं ती गोळी बाजारात आणली, सवय लागायची भीती कमी असं सांगून विकली, आणि 2007 मध्ये व पुन्हा 2020 मध्ये कोर्टात गुन्हा कबूल केला. त्या गोळीच्या पहिल्या लाटेतून कृष्णवर्णीय लोक बऱ्यापैकी वाचले. कारण काय, तर डॉक्टर त्यांच्या दुखण्यावर विश्वासच ठेवत नसत, म्हणून जालीम वेदनाशामक लिहूनच देत नसत. अपमानानं जीव वाचवल्याचं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही.

मग फेंटानिल आलं, कोकेनमध्ये मिसळून, हेरॉइनची जागा घेऊन. 2019 ते 2020 या एका वर्षात अतिसेवनानं मरणाऱ्यांचं प्रमाण गोऱ्यांमध्ये 22 टक्क्यांनी वाढलं, कृष्णवर्णीयांमध्ये 44 टक्क्यांनी. 65 च्या पुढच्या कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये ते त्याच वयाच्या गोऱ्यांच्या जवळजवळ सातपट होतं. म्हणजे आजोबांच्या वयाची माणसं. वर्षानुवर्षं शनिवारी थोडी ओढून सोमवारी कामावर जाणारी, आपला माल आपल्याला कळतो अशा भरवशावर असलेली.

तर त्या तळघरात मी गेले. नार्कन, म्हणजे अतिसेवनात बंद पडणारा श्वास चालू करणारं नाकातलं औषध, ते कसं वापरायचं हे दाखवायला फार्मासिस्ट हवा होता आणि आमच्या राज्यात 2015 पासून प्रशिक्षण घेतलेल्या फार्मासिस्टला ते स्वतः लिहून देता येतं, म्हणून माझं नाव पुढे आलं. आता तर ते विनाचिठ्ठी मिळतं, पण किमतीकडे पाहून लोक परत ठेवतात. जिना उतरताना आधी वास आला. कांदा, लसूण, हिरवी मिरची आणि कोथिंबिरीसारखं पण जास्त उग्र असं एक पान वाटून तेलात परतल्याचा. खाली अल्युमिनियमच्या मोठ्या ट्रेमध्ये केशरी भात, आणि भातात तुरीचे ओले दाणे. हो, आपली तूर. ती आफ्रिकेमार्गे कॅरिबियन बेटांवर गेली आणि प्वेर्तो रिकोच्या सणाच्या भातात जाऊन बसली. आईकडे हुरड्याच्या दिवसांत तुरीच्या शेंगा सोलताना नखं काळी व्हायची, ती तिथं त्या नळीच्या पांढऱ्या उजेडात आठवली आणि एकदम घशाशी काहीतरी आलं. शेजारी डुकराचं भाजलेलं मांस होतं, ते मी घेत नाही हे वाढणाऱ्या बाईंना सांगितलं तर त्यांनी भातच डोंगराएवढा वाढला. खाल्ल्याशिवाय बोलायचं नाही, हा तिथला पहिला नियम.

हा उपक्रम इमानी नावाच्या कार्यक्रमाच्या धर्तीवरचा. इमानी येलच्या कृष्णवर्णीय संशोधक आणि डॉक्टर बायकांनी इथल्या चर्चवाल्यांबरोबर बसून उभा केला आणि कृष्णवर्णीय व लॅटिनो चर्चमधून चालवला. 22 आठवड्यांचा, पहिले 12 शिकण्याबोलण्याचे, पुढचे 10 एकमेकांना धरून राहण्याचे. गट चालवणाऱ्यांत एक जण चर्चमधला आणि एक जण स्वतः त्यातून गेलेला. मला वाटलं होतं नशेबद्दल बोलणं होईल. त्या संध्याकाळी विषय होता पैसा. ड्रायव्हिंग लायसन्स रद्द झालेलं, ते परत मिळवायला जुना दंड भरायला हवा, दंड भरायला नोकरी हवी, नोकरीवर पोचायला गाडी हवी. एक तरुण पोरगा वहीत आकडे मांडत होता आणि आजूबाजूच्या बायका त्याला कुठल्या कारकुनाकडे जायचं, कुणाकडे अजिबात जायचं नाही, ते सांगत होत्या. ‘मी व्यसनी आहे’ असं उभं राहून कुणी म्हटलं नाही. कुणाला म्हणायला लावलंही नाही. कोण पूर्ण सोडून बसलंय आणि कोण कालपर्यंत घेत होतं, हे मला बाहेरून ओळखता आलं नाही, आणि मी तर या धंद्यातली.

मी माझं दाखवलं. नाकपुडीत टोक पूर्ण आत घालायचं, मग अंगठ्यानं दांडा दाबायचा, एका दाबात सगळं जातं, आधी दाबून तपासायचं नाही, नाहीतर फुकट. दोन-तीन मिनिटांत श्वास आला नाही तर दुसरं. तोवर 911, म्हणजे इथला तातडीच्या मदतीचा नंबर. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी चष्मा काढला, दुसरा घातला, माझ्या हातातून सरावाचं रिकामं नळकांडं घेतलं आणि शेजारणीच्या नाकाला लावलं. शेजारीण शिंकली. सगळे हसले. मग आजी म्हणाल्या की नातू खोलीचं दार आतून लावून घेतो, तर औषध ठेवायचं कुठं, आणि हसणं थांबलं. दाराची कडी काढून टाका, असं मागून कुणीतरी स्पॅनिशमध्ये म्हणालं. हे उत्तर आमच्या कुठल्याही माहितीपत्रकात नाही. मी ते लिहून घेतलं.

घरी येताना मी त्या दोन गठ्ठ्यांचाच विचार करत होते. जेवण हे कारण होतंच, पण पुरेसं नव्हतं. तळघराची किल्ली कुणाकडे आहे, हे झेरॉक्सवर न लिहिताही सगळ्यांना माहीत होतं. ती त्या वाढणाऱ्या बाईंच्या कमरेला होती. फोन करा म्हणणाऱ्या पत्रकाच्या पलीकडे कोण फोन उचलेल, तो नाव विचारेल का, पत्ता विचारेल का, मुलं काढून घेणाऱ्या खात्याला कळवेल का, कागदपत्रं नसतील तर आणखी कुणाला कळवेल का, हे कुणाला माहीत नव्हतं. संस्कृतीला धरून उपचार हे शब्द हल्ली इथं सगळ्या सरकारी अर्जांत असतात. बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ होतो, तोच मजकूर स्पॅनिशमध्ये आणि भिंतीवर एक सावळा चेहरा.

हे भांडण जुनंही आहे. अल्कोहॉलिक्स अॅनॉनिमस 1935 साली ज्या दोघांनी सुरू केलं त्यांतला एक शेअरबाजारातला आणि एक शल्यविशारद. दारूपुढे मी हतबल आहे, ही त्यांच्या बारा पायऱ्यांतली पहिली. आपल्या कर्तबगारीचा ताठा असलेल्या माणसाला ती उतारा म्हणून लागू पडत असेल. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्याला हतबल करून ठेवलं त्याला आणखी एकदा तेच म्हणायला लावायचं का, असा सवाल सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लाईड चर्चमध्ये सेसिल विल्यम्स यांनी क्रॅकच्या काळात उभा केला आणि आपली वेगळी वाट घातली. वाचताना मला ते फार पटलं. डीकन आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, मी तर त्या बारा पायऱ्यांवरच सुटलो, माझ्या गटात सगळे आमचेच होते. कृष्णवर्णीयांचे स्वतःचे गट 1940 च्या दशकापासून आहेत, पायऱ्या त्याच, पण गाणं त्यांचं, टाळी त्यांची, आणि मधूनच ‘बोल, बोल’ म्हणणारा माणूस त्यांचा. तेव्हा शब्दच सगळं करतात असंही नाही.

आणि न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सची गोष्ट तर मला इथं येऊन बरीच वर्षं माहीतच नव्हती. 14 जुलै 1970 ला यंग लॉर्ड्स या प्वेर्तोरिकन तरुणांच्या संघटनेनं साऊथ ब्राँक्समधलं लिंकन हॉस्पिटल पहाटे ताब्यात घेतलं. इमारत मोडकळीला आलेली, उंदीर, आणि वस्ती हेरॉइननं पोखरलेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी, ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या संघटनेनं आणि काही डॉक्टरांनी मिळून तिथं व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. विष उतरवायचं आणि सोबत राजकारण शिकवायचं, की ही वस्तू आपल्याच गल्लीत एवढी स्वस्त का. पुढे मेथाडोनवरचा विश्वास उडाला तेव्हा ते चिनी सुया शिकले, कानात पाच ठिकाणी टोचायच्या. त्यांतला एक मुतुलू शकूर, रॅप ऐकणाऱ्यांना माहीत असलेल्या टुपाकचा सावत्र बाप. 1978 मध्ये शहरानं पोलीस पाठवून त्या मंडळींना हुसकावलं, सुया मात्र राहिल्या, आणि आज जगभर वापरल्या जातात. फार्मासिस्ट म्हणून सांगायचं तर त्या सुयांच्या गुणाबद्दल संशोधनातून फारसं हाती लागलेलं नाही. पण एका खोलीत वीस माणसं कानात सुया घालून, न बोलता, पाऊण तास बसतात, कुणी त्यांना काही विचारत नाही, आणि टोचणारा हात आपल्याच गल्लीतला असतो. यातलं काय लागू पडत असेल ते चाचणीत तुलनेसाठी टोचतात त्या खोट्या सुईलाही सांगता येणार नाही.

मला स्वतःला सगळ्यात जवळची वाटते ती मेक्सिकन लोकांची शपथ. आमच्याकडे एक जण येतो, हॉटेलात भांडी घासतो, हात कायम ओले आणि भेगाळलेले, मलम न्यायला येतो. त्यानं एकदा पाकिटातून कार्ड काढून दाखवलं. एका बाजूला ग्वादालूपेची कुमारी माता, निळ्या-हिरव्या शेल्यात, मागे किरणं. दुसऱ्या बाजूला त्याचं नाव, एक तारीख, आणि पाद्र्याची सही. त्या तारखेपर्यंत दारूला शिवायचं नाही. मी एका क्षणात माझ्या मामापाशी जाऊन पोचले. आषाढीला पंढरपुरात माळ घातली आणि तिथून पुढे बाटली सुटली, मटण सुटलं, शिव्यासुद्धा सुटल्या. मुक्तांगण तेव्हा नव्हतं असं नाही, ते 1986 पासून पुण्यात आहे, पण मामाला कुणी रुग्ण म्हटलेलं चाललं नसतं. माळकरी म्हटलेलं चाललं. मित्रमंडळींनी आग्रह केला की तो गळ्यातली माळ बोटानं वर करून दाखवायचा, आग्रह तिथंच थांबायचा. ह्या कार्डाचंही तेच. कामावरचे सगळे शुक्रवारी बिअर घेऊन बसतात तेव्हा हा कार्ड दाखवतो. ‘मला त्रास आहे’ म्हटलं असतं तर ते हसले असते. देवीला शब्द दिलाय म्हटल्यावर कुणी हसत नाही.

पण माझ्यातली फार्मासिस्ट इथं गप्प बसत नाही. रोज भरपूर पिणाऱ्यानं एका दिवसात, कार्डावर सही घेऊन, एकदम बंद केलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, माणूस जाऊही शकतो. हेरॉइनच्या टर्कीत जीव नकोसा होतो, पण दारूच्या टर्कीत जीव जातो, हे लोकांना उलटं वाटतं. ग्वादालूपेचा सण 12 डिसेंबरला, मग नवं वर्ष, शपथांचा हंगामच तो. शपथ मोडा असं मी कधी म्हणणार नाही, म्हणून काही होणारही नाही. पाद्र्यानं सही करण्याआधी एवढं विचारावं, रोज किती, आणि सकाळी उठल्यावर हात थरथरतात का. थरथरत असतील तर आधी दवाखाना, मग देवी. दोन ओळींचा प्रश्न आहे.

तळघरातल्या भातावर मी इतकं लिहिलं म्हणून सगळं चर्च मला गोड वाटतं असं नाही. ज्या घरांमध्ये प्रार्थनेच्या जोरावर टर्की काढायला लावतात, औषध म्हणजे सैतानाची काठी म्हणतात, तिथून परत आलेले लोकही आमच्याकडेच येतात, आणि काही येत नाहीत. चार महिने कोरडं राहिलेलं शरीर जुना डोस झेपवू शकत नाही. प्वेर्तो रिकोतल्या गावांनी आपली व्यसनी माणसं एकेरी तिकिटं काढून फिलाडेल्फियाला, शिकागोला पाठवली, तिकडे उत्तम केंद्र आहे, नर्स आहेत असं सांगून. पोचल्यावर एका खोलीत कोंबलेली गाद्यांची रांग निघाली, आणि चालवणारे त्यांच्याच भाषेत बोलणारे, त्यांच्यातलेच. आपला माणूस म्हणजे भला माणूस, एवढं सोपं असतं तर आपल्याकडच्या निम्म्या पतसंस्था बुडाल्या नसत्या. आणि घरचा मान, पुरुषानं रडायचं नाही, घरातलं बाहेर न्यायचं नाही, हेही संस्कृतीतच येतं. पिशवीवरचं लेबल आत वळवायला त्या बाईंना कुठल्या गोऱ्या डॉक्टरनं शिकवलं नाही.

ते वळवलेलं लेबल मी आपल्या लोकांतही पाहिलं आहे. हार्टफर्डच्या विमा कंपन्यांमुळे या राज्यात मराठी घरं पुष्कळ. गणपतीला आरती, नाटक, वांग्याची भाजी, आणि शनिवारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये स्कॉच. त्यांतला कोण सोमवारी सकाळी कॉफीच्या कपात काय घालून मीटिंगला बसतो, हे त्याच्या बायकोला माहीत असतं. त्या बायकोनं जायचं कुठं? आपल्याकडेही बेसमेंट आहे, भात आहे, तूर तर आहेच. तिथं हा विषय निघाला तर पुढच्या वर्षी कार्यकारिणीत कोण घेईल, ही धास्ती पण आहे. नवऱ्याला हे म्हटलं तर तो म्हणाला, मंडळाच्या पत्रकावर लिहून तर बघ. मी मागच्या बाजूला, बारीक अक्षरात लिहीन म्हटलं. तो हसला नाही.

सध्या माझं भांडण वेगळ्याच ठिकाणी चालू आहे. त्या प्वेर्तोरिकन बाईंचा मुलगा तळघरात यायला लागला आहे, पण खिशात सबॉक्सोन आहे हे तो तिथं कुणाला कळू देत नाही. कारण डीकन आजोबा. ते तुरुंगात कुठल्याही औषधाशिवाय सुटले, थंडगार फरशीवर झोपून, आणि त्यामुळे पट्टी घेणारा माणूस सुटलेला नाहीच असं त्यांचं ठाम मत आहे. काउंटरला टेकून ते मला हे ऐकवतात आणि मी त्यांना त्यांच्याच ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची बाटली दाखवते, ही तुम्ही किती वर्षं घेताय म्हणून विचारते. ते म्हणतात ते वेगळं. मी म्हणते वेगळं कसं. मागे रांग लागते. पास्टरबाईंनी यावर तोडगा काढला आहे. पुढच्या महिन्यात एका रविवारी प्रवचनानंतर मला दहा मिनिटं दिली आहेत, फक्त या औषधावर बोलायला, सगळ्या चर्चपुढे, आणि स्पॅनिशमध्ये सांगायला आमची टेक्निशियन सोबत असणार. आजोबांनी विरोध नोंदवला आहे आणि आपण पहिल्या रांगेत बसणार असल्याचंही कळवलं आहे. टेक्निशियन म्हणते, सुरुवात आकड्यांनी करू नका. मी अजून ऐकलेलं नाही, निम्मा धोका हा आकडा मी पहिल्याच वाक्यात घालणार आहे, आणि ब्लडप्रेशरची बाटली सोबत नेणार आहे.